पेल एल घरी करताना: आधी यीस्ट ठरवा, मग हॉप्स

घरी केलेल्या पेल एलच्या, म्हणजे हॉप्सचा वास पुढे असणाऱ्या फिक्या बिअरच्या, बाटल्या घेऊन मित्रमंडळी येतात तेव्हा तक्रारी दोनच असतात. "महागातले हॉप्स मूठमूठ घातले, तरी वास कुठे गेला कळत नाही", नाहीतर "वास छान आहे, पण घोट उतरल्यावर जीभ खरवडल्यासारखी होते." मी विचारतो, यीस्ट कोणतं होतं? उत्तर ठरलेलं असतं: "किटबरोबर जे पाकीट आलं ते."

गोची इथेच आहे. बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची नावं तोंडपाठ, आणि साखर खाऊन अल्कोहोल करणारं यीस्ट हा शेवटी आठवणारा जिन्नस. खरं तर बिअरमध्ये किती गोडवा उरणार हे बऱ्याच अंशी यीस्ट ठरवतं, आणि त्या गोडव्यावर कडूपणा किती पेलेल हे त्यानंतरच कळतं. म्हणून खालचा क्रम जसा आहे तसाच पाळा. तोच उलटा झाल्यामुळे बहुतेकांचं बिनसतं.

एक खुलासा आधीच. हे सगळं मी अमेरिकेत राहून लिहितो आहे. इथे संघीय कायद्यानुसार एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करता येते. विकता मात्र येत नाही. राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत पुण्याला जाताना बॅगेत यीस्ट टाकून "आईच्या स्वयंपाकघरात करून बघू" हा बेत डोक्यातून काढून टाका.

## तयारी: खरेदीआधी चार गोष्टी कागदावर

पुढचे सगळे आकडे २० लिटर बिअर आणि १.०५० सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तेवढी ती जास्त) धरून आहेत. ती गाठायला साधारण २.७ किलो हलकं कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा अर्क) लागतं. धान्यापासून करत असाल तर ४.४ किलो पेल माल्ट आणि पाव किलो मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट पुरतं. माल्टवर यापेक्षा जास्त डोकं चालवू नका. पेल एलमध्ये माल्टने पाटासारखं खाली राहावं, ताट वर मांडायचं आहे.

कागदावर हे लिहा: बिअर कोरडी हवी की गोलसर, घरातल्या ज्या कोपऱ्यात फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) राहणार तिथलं रात्रीचं आणि दुपारचं तापमान, फ्रीझरमध्ये आधीच पडलेल्या हॉप्सचं पीक-वर्ष आणि अल्फा (कडूपणा देणाऱ्या आम्लांचे टक्के), आणि नळाच्या पाण्यात क्लोरामाइन आहे का.

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. क्लोरीन किंवा क्लोरामाइन असलेल्या पाण्यातून बिअरला औषधी, बँडेजसारखा वास येतो आणि दोष हॉप्सना किंवा यीस्टला मिळतो. कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी कुटून २० लिटर पाण्यात ढवळली की काम होतं. इतका स्वस्त उपाय या छंदात दुसरा नाही.

## टप्पा १: बिअर किती कोरडी हवी ते ठरवा

हे चवीचं काम आहे, पण हिशोबात मांडता येतं. १.०५० च्या वॉर्टमधली, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड रसातली साखर एखाद्या यीस्टने ८० टक्के खाल्ली तर बिअर १.०१० वर थांबते आणि अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास जातं. दुसरं यीस्ट ६८ टक्क्यांवर थकलं तर तीच बिअर १.०१६ वर राहते, अल्कोहोल साडेचार टक्के.

फरक सहा पॉइंटचाच दिसतो, जिभेवर मात्र तो मोठा असतो. दोन्हींत कडूपणा ३८ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असला तरी पहिली चटपटीत आणि धारदार लागेल, दुसरी गोलसर, थोडी बिस्किटासारखी. मेथीची भाजी गूळ घालून आणि न घालता करून पाहिली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकी पद्धतीची, पपनसाच्या सालीचा वास असलेली खुसखुशीत पेल एल हवी असेल तर पहिला रस्ता धरा. इंग्रजी पबमधली, दोन-तीन ग्लास निवांत रिचवण्याजोगी हवी असेल तर दुसरा. "दोन्हीचं थोडं थोडं" असं मनात असेल तर थांबा आणि एक निवडा.

## टप्पा २: यीस्ट निवडा

इंटरनेटवर यीस्टचे शेकडो प्रकार दिसतील. पहिल्या दहा खेपांसाठी खालच्या तीन घराण्यांबाहेर जायची गरज नाही.

स्वच्छ अमेरिकी यीस्ट. सेफएल यूएस-०५ हे कोरडं पाकीट सगळीकडे मिळतं. द्रव रूपात वायीस्ट १०५६ आणि व्हाइट लॅब्जचं डब्ल्यूएलपी ००१ याच घराण्यातली. स्वतःचा वास फारसा आणत नाहीत, साखर भरपूर खातात आणि हॉप्सना रान मोकळं सोडतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. लालब्रूचं बीआरवाय-९७ सुद्धा याच कामाचं, पण ते उठायला वेळ घेतं. दीड दिवस फेस दिसला नाही म्हणून घाबरून दुसरं पाकीट ओतू नका.

इंग्रजी यीस्ट. सेफएल एस-०४, डब्ल्यूएलपी ००२, वायीस्ट १९६८. हलकासा फळांचा वास देतात आणि पटकन तळाला बसतात, त्यामुळे बिअर लवकर निवळते. यातली द्रव रूपातली दोन साखर बरीच शिल्लक ठेवतात. एस-०४ तेवढं ठेवत नाही, म्हणून "इंग्रजी म्हणजे गोडसर" असं डोळे झाकून धरू नका. पाकिटावरचा किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रकातला ॲटेन्युएशनचा, म्हणजे यीस्ट किती टक्के साखर खातं त्याचा आकडा वाचा.

मऊ, फळाळ यीस्ट. वायीस्ट १३१८ म्हणजे लंडन एल थ्री, आणि लालब्रू व्हर्डंट. धुकट, रसाळ पेल एलसाठी ही वापरतात. जर्दाळू किंवा पीचसारखा वास यीस्टच आणतं, त्यामुळे हॉप्सही त्याच गोताचे घ्यावे लागतात. चीडच्या लाकडाचा वास देणारा चिनूक इथे परका वाटतो.

> सावध: गव्हाच्या जर्मन बिअरचं किंवा बेल्जियन यीस्ट "शिल्लक आहे" म्हणून पेल एलमध्ये घालू नका. ही यीस्ट लवंगेचा वास तयार करतात. मी एकदा घातलं होतं. सिट्रा हॉप्सचा आंबा आणि यीस्टची लवंग मिळून चव लागली ती दाताच्या दवाखान्याची.

## टप्पा ३: यीस्टची संख्या आणि तापमान

२० लिटर, १.०५० साठी ११.५ ग्रॅमचं एक ताजं कोरडं पाकीट पुरतं. १.०६० च्या वर गेलात तर दोन. कोरडं यीस्ट थेट वॉर्टवर भुरभुरलं तरी चालतं, आजकालचे उत्पादक तशी मुभा देतात.

द्रव यीस्टचं गणित वेगळं. पाकीट भरलं जातं तेव्हा त्यात साधारण १०० अब्ज पेशी असतात, या वॉर्टला मात्र १८५ अब्जांच्या आसपास लागतात. शिवाय महिने जातील तशा त्या मरत जातात. म्हणून एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून, गार करून, त्यात दीडेक दिवस आधी यीस्ट वाढवून घ्या. हा स्टार्टर करायचा कंटाळा येत असेल तर कोरडंच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आता तापमान. विरजण कढत दुधात घातलं तर काय होतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, तरी यीस्ट मात्र आपण २८ अंशांच्या वॉर्टमध्ये बिनधास्त ओततो. अमेरिकी यीस्टसाठी वॉर्ट १८ अंशांपर्यंत उतरू द्या. पहिले तीन दिवस १८ ते २० सेल्सिअस राखा, मग हळूहळू २१ पर्यंत चढू द्या. पहिल्या दोन दिवसांत २४ च्या वर गेलं तर घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार होतात आणि ती नंतर जात नाहीत. शेवटी तापमान चढवण्याचं कारण वेगळं आहे. आंबताना लोण्यासारखा वास देणारं डायॲसिटिल बनतं, ते यीस्टनेच परत खाऊन टाकावं म्हणून त्याला थोडी ऊब द्यायची.

> तपासा: खोली २० अंश दाखवते म्हणून बिअर २० अंशांवर आहे असं नाही. जोरात आंबत असताना आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वर जातं. फर्मेंटरवर चिकटवायची पट्टी स्वस्त मिळते, तीच वाचा.

वेगळा फ्रिज नसेल तर फर्मेंटर टबात ठेवा, टबात वीतभर पाणी ओता, फर्मेंटरला जुना टी-शर्ट घालून त्याची कड पाण्यात सोडा आणि समोर छोटा पंखा लावा. माठ गार राहतो त्याच तत्त्वावर दोन-तीन अंश सहज उतरतात. उन्हाळ्यात एवढ्यानेही भागत नसेल तर यूएस-०५ शी कुस्ती खेळू नका. त्या दोन महिन्यांपुरतं नॉर्वेचं क्वाइक घराण्यातलं व्हॉस यीस्ट घ्या, ते ३५ अंशांवरही आनंदात असतं. हलका संत्र्याचा वास येतो, आणि तो पेल एलमध्ये खपतो.

## टप्पा ४: कडूपणाचे हॉप्स, पाकिटावरचा अल्फा वाचून

यीस्ट ठरलं. आता ग्रॅव्हिटीच्या शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहा: १.०५० म्हणजे ५०. कोरड्या अमेरिकी पेल एलसाठी आयबीयू त्याच्या पाऊणपट धरा, म्हणजे ३७-३८. गोलसर इंग्रजी यीस्ट असेल तर तिथला उरलेला गोडवा कडूपणा झाकतो, तरीही ती बिअर मवाळ असावी अशी अपेक्षा असल्याने मी ३० ते ३२ वर थांबतो.

हिशोब असा: ग्रॅम × अल्फाचे टक्के × उपयोगाचा आकडा × १०, भागिले लिटर. १.०५० च्या वॉर्टमध्ये उपयोगाचा आकडा (अल्फापैकी बिअरमध्ये उतरणारा भाग) ६० मिनिटं उकळल्यास ०.२३, ३० मिनिटांना ०.१८, १५ मिनिटांना ०.११५ आणि १० मिनिटांना ०.०८४ धरतात.

६० मिनिटं उकळायच्या खेपेला मॅग्नम जातीचे हॉप्स घ्या. अल्फा १२ टक्के असेल तर १२ ग्रॅममधून साडेसोळा आयबीयू मिळतात, आणि कडूपणा स्वच्छ असतो. इथे सिट्रा किंवा मोझेक उकळत बसणं म्हणजे केशर घालून कढी उकळण्यासारखं आहे. तासभरात वास वाफेबरोबर उडून जातो आणि पैसे तेवढे जातात.

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. कृतीत "कॅस्केड ३० ग्रॅम" लिहिलेलं असतं, पण ते ६ टक्के अल्फा धरून. तुमच्या हातातलं पाकीट ७.८ टक्क्यांचं असेल तर कडूपणासाठी ३० × ६ ÷ ७.८ म्हणजे २३ ग्रॅमच लागतील. एकाच जातीचा अल्फा पिकागणिक बदलतो. ही दुरुस्ती मात्र कडूपणाच्या खेपेपुरतीच करायची. शेवटी वासासाठी घालायचे हॉप्स वजनानेच मोजा, कारण तिथे आपल्याला तेलं हवी असतात आणि अल्फाचा तेलांशी थेट संबंध नाही. अल्फा जास्त निघाला म्हणून ड्राय हॉप (उकळीत न घालता थेट फर्मेंटरमध्ये टाकायचे हॉप्स) कमी केलेली, मग बिनवासाची झालेली बिअर मी बऱ्याचदा चाखली आहे.

## टप्पा ५: वासाचे हॉप्स, दोनच

पहिल्या तीन-चार खेपांना जास्तीत जास्त दोन जाती. पाच जाती एकत्र केल्या की कोणतीच ओळखू येत नाही आणि पुढच्या वेळी काय बदलायचं तेही समजत नाही. माझ्या अनुभवात काय कसं लागतं ते सांगतो:

- कॅस्केड: पपनसाची साल, थोडी फुलं. अमेरिकी पेल एलचा पाया याच्यावर उभा आहे, आणि खिशाला परवडतो.
- सेंटेनियल: कॅस्केडचाच दणकट भाऊ, लिंबाकडे झुकणारा. अल्फा १० च्या आसपास.
- अमारिलो: संत्रं. इंग्रजी यीस्टबरोबरही जमतो.
- सिमको: चीड आणि पिकलेलं फळ एकदम. थोडाच पुरतो.
- सिट्रा: आंबा, लिची, लिंबू. जास्त झाला तर काहींना त्यात मांजराच्या मुताचा वास येतो, आणि ते खोटं बोलत नसतात.
- मोझेक: जांभळी बेरीफळं, पपई. एखाद्या वर्षीच्या पिकाला कांदा-लसणाची झाक असते, म्हणून हुंगूनच घ्या.
- नेल्सन सॉव्हिन: न्यूझीलंडचा. हिरवी द्राक्षं. नाशिककडची सॉव्हिन्यॉ ब्लां प्यायलेल्याला लगेच ओळख पटेल.
- ईस्ट केंट गोल्डिंग्ज: मध, माती, सौम्य मसाला. इंग्रजी यीस्टची सहधर्मचारिणी. यूएस-०५ बरोबर थोडी एकटी पडते.

जोडी लावताना एक मुख्य आणि एक साथीचा ठेवा, दोनास एक या प्रमाणात. कॅस्केड आणि सेंटेनियल ही जोडी बिघडवायला मेहनत लागते.

विकत घ्यायच्या आधी जात चाखून बघायची असेल तर सोपी युक्ती आहे. फिक्या, स्वस्त लागरच्या थंडगार बाटल्या आणा. झाकण उघडून प्रत्येकीत एका जातीच्या दोन-तीन पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) टाका, लगेच बूच मारा आणि तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. बाटली अगदी थंड नसेल तर पेलेट पडताच फेस छताकडे उसळतो, म्हणून हे सिंकमध्येच करा. पुस्तकी वर्णनं वाचून जे कळत नाही ते इथे एका संध्याकाळी कळतं.

> तपासा: पेलेट तळहातावर चोळून हुंगा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला, रंग तपकिरी झाला, तर ते हॉप्स वासाच्या खेपेला नकोत. उघडलेलं पाकीट हवा काढून, बंद करून फ्रीझरमध्येच ठेवा. मसाल्याच्या डब्याशेजारी कपाटात ठेवलेल्या हॉप्सचा पुढे भुसा होतो.

## टप्पा ६: उकळण्याच्या दिवशीचा क्रम

हॉप्सच्या वाट्या आधी वजन करून, वर मिनिटांची चिठ्ठी लावून ओळीने मांडा. उकळी आल्यावर वजनकाटा शोधणारे शेवटी सगळं एकाच वेळी ओततात.

६० मिनिटं: मॅग्नम (अल्फा १२) १२ ग्रॅम. यातून साडेसोळा आयबीयू.

१० मिनिटं उरली असताना: कॅस्केड (अल्फा ६) ३० ग्रॅम आणि सेंटेनियल (अल्फा १०) २० ग्रॅम. यातून सोळा.

गॅस बंद. आता घाई करू नका. वॉर्ट ८० अंशांपर्यंत उतरवा आणि मग कॅस्केड ३० ग्रॅम, सेंटेनियल १५ ग्रॅम घालून, हलक्या हाताने ढवळून २० मिनिटं झाकून ठेवा. नव्वदीच्या वर घातलेत तर कडूपणा चढतच राहतो आणि तो हिशोबात धरलेला नसतो. ८० ला चार-पाच आयबीयू पडतात आणि वास बराचसा टिकतो. कसुरी मेथी आपण गॅस बंद करताना चुरडतो, त्यामागचं कारण हेच.

मग झटपट १८ अंशांपर्यंत गार करून फर्मेंटरमध्ये, आणि यीस्ट.

> सावध: गाळून उरलेला हॉप्सचा चोथा बागेत किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात. ताप भडकून जीव जाऊ शकतो. शेजाऱ्याचं कुत्रं कुंपणाखालून येत असेल तर चोथा पिशवीत बांधून थेट झाकणाच्या डब्यात टाका.

## टप्पा ७: ड्राय हॉप, आणि बाटल्या भरायची घाई

ग्रॅव्हिटी १.०१० च्या जवळ येऊन दोन दिवस हलली नाही की ड्राय हॉप करा: कॅस्केड ४० ग्रॅम, सेंटेनियल २० ग्रॅम. म्हणजे लिटरला तीन ग्रॅम. १५ ते १८ अंशांवर तीन दिवस पुरतात. आठवडाभर ठेवून वास दुप्पट होत नाही, उलट गवतासारखी चव येऊ लागते.

काहीजण आंबणं चालू असतानाच ड्राय हॉप करतात. यीस्ट हॉप्समधल्या काही तेलांचं रूप बदलतं, उदाहरणार्थ गुलाबाकडे झुकणाऱ्या जिरॅनिऑलपासून लिंबाळ सिट्रोनेलॉल बनतं. टप्पा २ मधल्या तिसऱ्या घराण्याबरोबर हे करून बघण्यासारखं आहे. यूएस-०५ बरोबर पहिल्यांदाच करत असाल तर नको. निघून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर बराच वासही जातो.

आता खरी धोक्याची जागा. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचलेल्या लांबट साखरा ती तोडून देतात, आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं. ग्रॅव्हिटी १.०१२ वरून १.००९ वर घसरते, डायॲसिटिल पुन्हा डोकावतं. हे बाटलीत घडलं तर बाटली फुटते. माझ्या तळघरात एका रात्री सहा बाटल्या फुटल्या होत्या. ड्राय हॉपच्या तिसऱ्या दिवशी "झालं एकदाचं" म्हणून मी भरून टाकल्या होत्या, काच जिन्यापर्यंत उडाली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

> तपासा: ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरने (घनता मोजायच्या उपकरणाने) दोनदा मोजा, मध्ये दोन दिवस जाऊ द्या. आकडा तोच आला तरच पुढे. त्याच वेळी नमुना कोमट करून हुंगा. लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर २० अंशांवर आणखी तीन दिवस राहू द्या.

भरताना साधी साखर २० लिटरला १२० ग्रॅम, वाटीभर पाण्यात उकळून, गार करून घाला. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या आणि वरून धार सोडू नका. आंबून झाल्यावर आत गेलेला प्राणवायू हॉप्सचा वास सगळ्यात आधी खातो. चार आठवड्यांत रंग तपकिरी होतो, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. "वास कुठे गेला" या पहिल्या तक्रारीचं उत्तर निम्म्या वेळा इथेच सापडतं, हॉप्सच्या प्रमाणात नाही.

दोन आठवडे २० अंशांवर, मग सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. पुढच्या सहा आठवड्यांत संपवा. पेल एल मुरवायची नसते.

पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदला. मी सुचवेन की हॉप्स तसेच ठेवून तोच २० लिटर वॉर्ट दहा-दहा लिटरच्या दोन फर्मेंटरमध्ये वाटा, एकात अर्धं पाकीट यूएस-०५ आणि दुसऱ्यात अर्धं एस-०४. बाटल्यांच्या बुचांवर आधीच खूण करून ठेवा, नाहीतर कोणती कोणाची यावरून घरात भांडण ठरलेलं.